बूट काढून आत या

मी एक खेळ बोलतोय. पत्त्यांचा नाही, संगणकावरचा. आणि तोही भुताटकीचा. माझ्यात बंदूक नाही, गुण नाहीत, जिंकणंही नाही. लाल कोटातली एक मुलगी झोपते आणि तुम्ही तिच्या स्वप्नांतून हिंडता, एवढंच. दातांचा जिना आहे. श्वास घेणाऱ्या छत्र्यांचं शेत आहे. एक शाळा आहे, तिथल्या बाकाचा खण उघडला की आत बर्फ. ज्यांना हे वेडगळ वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही खेळावं. मी कोणाची मनधरणी करत नाही.

मला चिझुरूने केलं, जपानात, सेंदाईतल्या एका खोलीत, एकटीने. दिवसा ती औषधांच्या दुकानात उभी असायची. सकाळी डोळे उघडले की दात घासायच्या आधी स्वप्न वहीत उतरवायची आणि मग त्याचं चित्र माझ्यात रंगवायची. सहा वर्षं लागली मला जन्माला यायला.

तिच्या सगळ्या स्वप्नांच्या शेवटी एकच घर असायचं. आत एक बिनचेहऱ्याची बाई, हातात लांब पळी. मुलगी दारात शिरली की बाई पळी उगारून धावते, आणि पळीचा फटका बसला की मुलगी दचकून जागी होते. माझं शेवटचं भूत ते. चिझुरूने मला फुकट जगात सोडलं, तेव्हा देशोदेशीचे लोक त्या बाईला बघून किंचाळले. तिचं नावच पडलं ‘पळीवाली’.

पळीवाली कोण, ते मला माहीत होतं. साकाता गावच्या शाळेत तीनशे मुलांचं जेवण रांधणारी सुगिए, म्हणजे चिझुरूची आई. पोरीने परिचारिकेचं शिक्षण सोडलं, खेळ करते म्हणाली, तेव्हा सुगिए ओट्यावर पळी आपटून म्हणाली होती, “स्वप्नं शिजवून खाणारेस? जा मग. या घरात परत पाऊल टाकू नकोस.”

पोर हट्टी. नाही टाकलं.

पुढे तिच्या रक्तात दुखणं निघालं. रुग्णालयातून फोन गेला तेव्हा बर्फामुळे गाड्या रखडल्या होत्या. आई पोचली, तोवर संपलं होतं.

सुगिएने अस्थींचा डबा आणि चिझुरूच्या संगणकासकट मला एकाच गाडीने घरी आणलं. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकल्यावर मला देवघराशेजारी मांडलं. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं. शिकवायला आली नणंद, किनुको. छोट्या पोलादी गोळ्यांच्या जुगारयंत्रावर वीस वर्षं घालवलेली बाई.

“सरका, वहिनी. कळा दाबण्यात माझा हात कोणी धरणार नाही.”

“म्हणून तर अंगठी गेली तुमची, वन्सं.”

“गेली, पण मजा आली. हं, ही कळ चालायची, ही खाली बसायची. भूत आलं की बसायचं, लपायचं.”

दुपारी शाळेतून आली की सुगिए चष्मा लावून माझ्यात हिंडायची. छत्र्यांना वाकून नमस्कार करायची. अठराव्या दिवशी ती त्या घरापाशी पोचली. पळी दिसली आणि तिचा हात थांबला.

शेजारी किनुको फोनवर खेळणाऱ्यांनी माझ्याबद्दल लिहिलेलं वाचत होती. वाचता वाचता जीभ चावून गप्प झाली.

“वाचा ना.”

“काही नाही हो. रिकामटेकडी माणसं.”

“वन्सं, वाचा.”

“‘हा खेळ जिने केला... तिच्या आईने तिला फार छळलं असणार.’”

पदर नसतो तिथल्या बायकांना. सुगिए एप्रनचं टोक तोंडाशी धरून बसली. नंतर हळूच म्हणाली, “म्हणजे मी तिच्या स्वप्नात जायचे, आणि पोर घाबरून उठायची.”

मला ओरडावंसं वाटलं. पण मला बोलता येतं ते चिझुरूने लिहिलंय तेवढंच.

आठवडाभर तिने मला हात लावला नाही. मग एका दुपारी आली आणि मुलीला पुन्हा त्या दारात उभं केलं. मार खायलाच आली असावी. पण एकदम खेकसली, “अगं, चिखलाचे बूट घेऊन चटईवर? हेच शिकवलं मी तुला?”

तिने बसायची कळ दाबली. मुलगी उंबऱ्याच्या पायरीवर बसली आणि तिने बूट काढले. सुगिएने सवयीने आणखी एकदा दाबलं. तिथल्या रीतीप्रमाणे बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला वळली.

लाखो लोक त्या दारातून बूट घालून धावले होते. एकालाही सुचलं नव्हतं. चिझुरूने ते एकाच माणसासाठी ठेवलं होतं.

पळी खाली आली. बाईला चेहरा आला, हनुवटीवरच्या तिळासकट. ठेंगणं टेबल, दोन वाडगे, वाफाळणारं मिसोचं सार. आणि खाली बोलण्याची चौकट: ‘आई:’

पुढे कोरं.

त्या चौकटीत चिझुरूने ‘ये’ लिहून खोडलं होतं. ‘चुकलं माझं’ लिहून खोडलं होतं. मग कपाळावर हात मारून म्हणाली होती, “आई काय म्हणेल तेच मला सुचत नाही.” नंतर बघू म्हणून जागा कोरी ठेवली. नंतर दुखणं आलं.

सुगिए त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग अगदी रोजच्या, चिडक्या आवाजात म्हणाली, “बस. सार गार होतंय.”

एवढंच हवं होतं, चिझुरू. चार शब्द. तुला सुचले नाहीत, आणि तिनेही इतकी वर्षं ते गिळून ठेवले. ऐकलेलं मला लिहिता येत नाही, चौकट कोरीच राहिली.

कुठलीही कळ दाबली की चौकट मिटते आणि मुलगी जागी होते. म्हणून सुगिए दाबत नाही. आज बारावा दिवस. माझा पंखा घरघरतोय, यंत्र तापलंय.

काल किनुको म्हणाली, “बंद करा, वहिनी, जळेल ते. पुन्हा जाता येतं की तिथे.”

“जेवत्या पोरीला उठवू?”

मी फार टिकणार नाही. माझ्या प्रती जगभर पडल्यात, तुमच्याकडेही असेल. त्या दारात पोचलात तर पळू नका. आधी बूट काढा. बाई भूत नाही. ताट वाढून बसलीय.