भाऊकाकांचा राखणदार

आमच्या अंधेरीच्या चाळीत पाण्याच्या टाकीमागे अजगर निघाला, तेव्हा घाबरायचं काम फक्त मीच केलं. आम्ही साताऱ्याकडचे. बाकी चाळ मालवणी. ती अगरबत्ती आणायला पळाली; गाव राखणारा देव सापाच्या रूपात येतो, असं त्यांच्याकडे मानतात.

भाऊराव परब, म्हणजे आमचे भाऊकाका, गिरणीतून रिटायर झाल्यापासून गावी राहायला जाऊया म्हणत होते. सुगंधाकाकू खोली सोडायला तयार नव्हत्या. अजगर बघून काकांनी निकाल लावला.

"गावचो राखणदार आसा. आमका न्हेवक इलो. आजच एस्टीचा रिझर्वेशन करतंय."

"गावाहून चालत इलो?" काकूंनी विचारलं.

"सरपटत," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

काकांनी हात जोडून, गावी देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, तू इतक्या लांबसून इलंस, आता आमका सुखरूप गावाक पोचव!"

"होय म्हाराजा!" चाळ ओरडली. काकूंनी मात्र डोळे पुसले.

तेवढ्यात शेजारची अनुपमा आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती सरळ राखणदाराच्या तोंडापाशी वाकली.

"काका, हा आपला नव्हे. डोक्यावरचा बाण बघा, नाकापर्यंत गडद. आपल्याकडच्याचा पुढे फिका पडतो, डोकं गुलाबीसर दिसतं. शिवाय आपल्याच्या ओठाचा खवला डोळ्याला भिडतो. ह्याच्यात मधे खवल्यांची वेगळी ओळ आहे. हा ब्रह्मदेशी. घराणं एकच, चुलतभाऊ म्हणा, पण ह्यांचा मुलूख आसामपासून पुढे, पार सयामपर्यंत. कोकणात हे नसतात."

चाळीनं अगरबत्त्या खाली घेतल्या.

"म्हणजे गाऱ्हाणं त्याला कळलंच नसेल?" चाळीतली कमलमावशी म्हणाली.

"हिंदीत घालून बघूया," तिचा मुलगा बाळा म्हणाला.

काकूंचा चेहरा मात्र उजळला होता.

एवढ्यात शेजारच्या स्टुडिओतला शिवदास पोतं घेऊन धावत आला. अजगर स्टुडिओचा. रंगूनच्या जंगलाच्या सीनसाठी आणलेला. पिक्चर कधीच डब्यात गेला, हा राहिला.

काकांनी स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी केली. "जेवण?"

"कोंबडी."

"ऱ्हवता खंय?"

"मेकअप रूमच्या बाजूला. पंखा आहे."

"घराकडे जातंय म्हणता?"

"नाही बुवा," शिवदास गंभीरपणे म्हणाला. "कधी विषय काढला नाही त्याने."

शिवदासनं अजगर पोत्यात भरला, तो भाऊकाकांनी वाकून बघितला. मग काकूंना म्हणाले, "ब्रह्मदेश सोडून तो हयसर मजेत ऱ्हवता. आपलो गाव तर रातभरात गाठता येता. घाई कसली? गणपतीक जाव, परत येव."

काकूंनी शिवदासला चहा दिला, आणि पोत्याकडे बघून अदबीनं म्हणाल्या, "येत ऱ्हवा."