उजव्या कानावरचं फूल

लग्न झाल्यापासून मी तियारेचं फूल, म्हणजे आमच्या ताहितीचा अनंत, डाव्या कानावर खोचते. डावीकडे फूल म्हणजे बाईला नवरा आहे, उजवीकडे म्हणजे जागा रिकामी. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण पॅरिसहून आलेल्या आमच्या हॉटेलच्या नव्या मॅनेजरने हुकूम सोडला, "सगळ्या बायकांनी फूल उजवीकडे लावायचं. फोटोत छान दिसतं."

"साहेब, आम्ही लग्न झालेल्या बायका आहोत. त्याचा अर्थ काय होतो?"

"फुलाला कसला आलाय अर्थ? पाहुण्यांना तेवढीच गंमत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या संसारावर यांची गंमत?

शनिवारी त्याची बायको बोटीने आली. धक्क्यावर मीच पुढे झाले आणि तिच्या उजव्या कानावर टपोरं फूल खोचलं. होडीवाला तेमाना लगेच म्हणाला, "बाईसाहेब, चला, खाडी दाखवतो. दोघंच जाऊ." माळ्याने नारळ सोलून आणला. युकुलेले, म्हणजे आमची छोटी गिटार, वाजवणारा तर तिला चिकटून बसला आणि प्रेमाची गाणी म्हणू लागला.

मॅनेजर लालबुंद होऊन माझ्यावर धावला. "हा काय चावटपणा चाललाय?"

"फुलाला कसला आलाय अर्थ, साहेब?"

तो तसाच वळला, बायकोपाशी गेला आणि ते फूल स्वतःच्या हाताने तिच्या डाव्या कानावर खोचलं.