टिकल्यांचा कौल

सुधाने टिकल्यांचं सातवं पाकीट फोडलं आणि एकेक लाल टिकली नखाने सोडवून रांगेतल्या माणसांच्या बोटांवर ठेवायला सुरुवात केली.

"ताई, कपाळाला लावू का?" बाजीरावांनी विचारलं. रांग हसली.

"लावा की. मग घरी वहिनींना तोंड द्या."

मारुतीच्या देवळासमोर भिंतीला मोठा कागद चिकटवला होता. हायवे बाहेरून गेला तेव्हापासून जुनी पेठ मागे पडली होती. एसटी आत येईना, निम्म्या दुकानांची फळकुटं कायमची लागली. आता पेठ सुधारायचं ठरलं होतं आणि पहिलं काम कोणतं, ते रहिवाशांनी सांगायचं होतं. कागदावर तीन रकाने होते : कमान, गटार आणि बायकांची मुतारी. हवं त्या रकान्यात आपल्या हाताने टिकली लावायची. हे करून घ्यायला पुण्याच्या एका संस्थेतून दीप्ती आली होती. मतांचे गोल स्टिकर ती घरीच विसरली, म्हणून बांगड्यांच्या दुकानातून तिने टिकल्या आणल्या. बचत गटाची अध्यक्ष म्हणून सुधा सकाळपासून टेबलाशी होती. शुक्रवारचा उपास, पोटात नुसता चहा. कमानीचा रकाना भरत चालला होता.

मुतारीची मागणी खरी पुतळाबाईंची. पस्तीस वर्षं त्या पेठेत भाजी विकत होत्या. बाजाराच्या दिवशी घोटभर पाणी पीत नसत, कारण जायला आडोसा नव्हता. गेल्या उन्हाळ्यात लघवीचा त्रास होऊन आठ दिवस बारामतीच्या दवाखान्यात पडून राहिल्या. आल्यावर त्यांनीच बायकांना बोलतं केलं. आणि आज देवळाच्या पायरीवर आणखी चौघी भाजीवाल्यांसोबत त्या नुसत्या बसून होत्या.

"सुधाताई, त्या आज्यांना मत द्यायचं नाहीये का?" दीप्तीने विचारलं.

सुधाने पाचही कपाळांकडे पाहिलं. मग हातातल्या पाकिटाकडे.

"येतील," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ती स्वतःच पायरीपाशी गेली.

"मावशी, चला की. बाराला बंद करणारेत."

"तूच लाव माझी."

"ज्याची त्यानं लावायची. तसा नियम हाय."

"मग ऱ्हाऊ दे." पुतळाबाईंनी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "मालक गेलं तवापास्नं त्या वस्तूला हात न्हाय लावला. आता मुतारीपायी लावू व्हय?"

शेजारच्या बानूबाई खुदकन हसल्या.

सुधा परत येऊन बसली. दीप्तीला सांगायचं म्हणजे दोन वाक्यांचं काम. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पुढच्या माणसाच्या बोटावर टिकली ठेवली.

बारा वाजता दीप्तीने मोजणी केली. कमान चौतीस, मुतारी तीस, गटार अकरा.

"झालं तर मग!" बाजीराव म्हणाले. "रस्त्यानं जाणाऱ्याला कळाय नको, हितं गाव हाय म्हणून?"

दीप्ती कागदाचे कोपरे सोडवू लागली. सुधाने कागदावर हात ठेवला.

"पाच मतं राहिलीत."

"कुणाची? मी तर सगळ्यांना हाका मारल्या."

"त्या पाचजणी विधवा आहेत. टिकलीला हात लावत नाहीत." सुधाने हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. "म्हणजे, आम्ही लावू देत नाही."

दीप्तीचा चेहरा उतरला. "अगं बाई! मला सुचलंच नाही."

"तुमचं नाही ते."

"अवो पण वेळ संपली," बाजीराव म्हणाले.

"दादा, तुमची आई बी त्याच पायरीवर वांगी घेऊन बसायची," सुधा हळू आवाजात म्हणाली. "ती कुठं जात आसंल, कधी इचारलंवतं का?"

बाजीरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

दीप्ती कागद आणि पेन घेऊन पायरीपाशी गेली. पुतळाबाईंनी हात पदराला पुसले आणि मुतारीच्या रकान्यात कागद फाटेल इतक्या जोराने फुली मारली. मग बानूबाईंनी. मग उरलेल्या तिघींनी. मुतारीची पस्तीस मतं झाली.

"लिवा मग तसं," म्हणत बाजीराव निघून गेले. माणसं पांगली. दीप्ती रिक्षा बघायला गेली. सुधा पायरीवर पुतळाबाईंच्या शेजारी टेकली. तिचे पाय भरून आले होते.

"मावशी, आज माझ्या शुक्रवारांचं उद्यापन हाय," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिचंच तिला नवल वाटलं. बावीस वर्षांत दरवर्षीच्या या जेवणाला तिने सवाष्णींवाचून कुणाला बोलावलं नव्हतं. "सातला या."

पुतळाबाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि पाटी पुढे ओढली.

"यीन की. किती माणसं हायती जेवाय?" त्यांनी विचारलं. "त्या हिशोबानं मेथी बाजूला काढते."