गतिरोधकाच्या अलीकडे

कापलेल्या टायरचा तुकडा... जाडी अडीच बोटं, नव्हे, पावणेतीन — त्याने पुन्हा बोटं लावून पाहिली. शोरूमच्या टेबलावर असे दोन तुकडे मांडलेले, एक सोळा इंची चाकाचा, दुसरा अठरा इंचीचा. आणि अठराच्या रबराची कड इतकी बुटकी, की चाकाखाली खडा आला तरी आतल्याच्या कण्याला खबर लागावी.

“सर, अठरालाच लुक आहे,” विक्रेती म्हणाली. “सगळे तेच घेतात.”

घेतात बापडे! सगळ्यांच्या बायकांच्या पाठीत चार स्क्रू आहेत का?

“सोळा,” तो म्हणाला. “आणि सस्पेन्शन सगळ्यात मऊ असेल ते.”

हे शहाणपण कुणाला सांगतोस, त्याने स्वतःला विचारलं. वीस वर्षं काचेची भांडी खोक्यांत भरतोय. खोकं कानाशी धरून हलवायचं, आत खुट्ट वाजलं की सगळं उपसून पुन्हा भरायचं, ही त्याची रीत. आणि नव्या माणसांना तोच तर ओरडतो — अरे, फार मऊ भराल तर भांडं आत नाचेल, नाचलं की फुटलंच म्हणून समजा! पण बायकोच्या बाबतीत सगळी अक्कल गहाण. गेले चौदा महिने उशीवर उशी, गादीवर गादी, आणि ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही.

चाचणीसाठी गाडी विक्रेतीने चालवली. तो मागे, डाव्या बाजूला बसला, बायको बसेल तिथे. गतिरोधक आला, गाडी अलगद चढली, उतरली, आणि मग उगाचच खालीवर, खालीवर डुलत राहिली. त्या दुपारी जुनी गाडी अशी डुलली नव्हती, दणकन आपटली होती. तिच्या भावाकडून दोघं परतत होते, आणि भांडण तरी कशावरून, तर जेवून लगेच निघायचं कुणी ठरवलं यावरून! ती म्हणाली होती, “तुमचं नेहमीचंच.” आणि समोर गतिरोधक — पांढरे पट्टे, लख्ख ऊन. डॉक्टरांना, मेहुण्याला, लेकीला, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, दिसलाच नाही हो. मला दिसला होता. पाय ब्रेकवर होता आणि मी दाबला नाही. रागाने. एवढंच.

“मऊ आहे ना, सर?”

“जरा थांबवा बाजूला.”

मऊ की कडक, हे तिच्या पाठीशिवाय कोण सांगणार? त्याने घरी फोन लावला. चष्म्याच्या दुकानात जातो, असं सांगून निघाला होता. आता सगळं भडाभडा बोलून गेला, गाडी, चाकं, स्प्रिंगा, आणि “ड्रायव्हर ठेवू आपण,” हेही.

पलीकडून ती म्हणाली, “ड्रायव्हर कशाला?”

“अगं, मी... त्या दिवशी मला तो गतिरोधक —”

“दिसला होता. माहितेय मला. मी शेजारीच बसले होते की.”

त्याला वाटलं, आता फोन ठेवेल. कानशिलं तापली. चौदा महिने ती हे घेऊन पडून होती, आणि तो तिच्या उशा सारख्या करत होता.

“फार चिडले होते मी,” ती म्हणाली. “अजूनही मधूनच चिडते. पुढच्या वेळी भांडायचं असेल तर गाडी बाजूला घ्या आणि काय ते भांडा.”

“पुढच्या वेळी?”

“मग काय, जन्मभर छताकडे बघत बसू? आणि अहो, रंग कुठला घेताय? मला विचारायचं सुचलं का कुणाला?”

त्याला हसू येत होतं, लाजही वाटत होती, दोन्ही एकदमच. विक्रेती आरशातून बघत होती. पुढे आणखी एक गतिरोधक दिसत होता, बराच लांब, आणि तो त्याच्याकडे सरळ बघू शकत होता.