कच्ची नोंद

दाराची कडी ती डाव्या हाताने काढायची. त्या वेळी उजवा हात पोटाशी धरलेला असायचा, जणू तो दुसऱ्या कुणाचा असून तिच्याकडे सांभाळायला दिला होता. कडी निघायला सरासरी अकरा सेकंद लागत. बारा दिवसांत त्याने हे चोवीस वेळा मोजलं होतं, रस्त्यापलीकडे उभ्या केलेल्या राखाडी गाडीत बसून.

ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात सोळा वर्षं कामाला होती. चादरी वाळवणाऱ्या गरम रुळांत तिचा हात कोपरापर्यंत ओढला गेला, खांदा निखळला. तिने भरपाईचा दावा लावला आणि विमा कंपनीने त्याला पाठवलं. हात चालतो असं काही दिसलं तर टिपायचं, एवढंच काम.

टिपायची एक पद्धत होती. माणूस हलला की कॅमेरा सुरू, स्थिर झाला की बंद. "बसलेला माणूस बघायला कुणाला वेळ आहे?" असं साहेब म्हणत. गाडीत तो कच्च्या वहीत मिनिटामिनिटाची नोंद ठेवी. मग ऑफिसात तिची पक्की प्रत करी, त्यात फक्त कॅमेरा सुरू असतानाच्या वेळा. कच्ची वही फाडून टाकायची. अकरा वर्षांत ती कुणी मागितली नव्हती.

तेराव्या दिवशी ती ओली चादर घेऊन अंगणात आली. डाव्या हाताने तिने ती दोरीवर फेकली, ती घसरली. पुन्हा फेकली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा घसरू लागली तेव्हा तिने उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि चादर धरून ठेवली. चार सेकंद. ते त्याने टिपलं.

मग ती पायरीवर बसली आणि त्याने सवयीने कॅमेरा बंद केला.

ती पुढे वाकून बसली होती, उजवं कोपर दोन्ही गुडघ्यांत दाबून. चादरीचं एक टोक मातीत लोळत होतं. ते उचलायला ती उठली नाही. शेजारीण फाटकाशी थांबली, काहीतरी बोलली, उत्तराची वाट न बघता निघून गेली. त्याने वहीत लिहिलं, दहा बेचाळीस. ती उठली तेव्हा अकरा एकतीस झाले होते. मधल्या वेळात त्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

बहिणीचा फोन आला.

"दादा, रविवारी येतोयस ना?"

"काम आहे गं."

"कसलं मेलं काम! दुसऱ्याच्या दाराकडे बघत बसायचं. तेवढं माझ्या दाराकडे बघितलं असतंस, तर भाचीला मामाचं तोंड तरी ओळखू आलं असतं."

तो हसला. फोन येईपर्यंत सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता, त्यामुळे हसताना घसा खरखरला. समोरची ही बाई चहा कधी घेते, दुपारी किती वेळ पडते, सगळं त्याला ठाऊक होतं. भाची कितवीत आहे, ते आठवेना.

ऑफिसात साहेबांनी ते चार सेकंद तीनदा बघितले.

"सोनं आहे रे हे! सोमवारी सुनावणी. पक्की प्रत सही करून दे, दावा उडालाच समज."

"देतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने उद्या देतो म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रिंटर रुसला होता.

"हात तिचा गेलाय की तुझा?" साहेब म्हणाले. खोलीतले सगळे हसले.

शुक्रवारी काम नसताना त्याने गाडी पुन्हा त्याच जागी लावली. या वेळी ती सरळ रस्ता ओलांडून आली आणि काचेवर टकटक केली.

"विम्याचे ना तुम्ही?"

अशा वेळी सांगायची तीन उत्तरं त्याला पाठ होती.

"हो," तो म्हणाला.

"वाटलंच. माझ्याकडे इतका वेळ कुणी बघत बसत नाही, भाऊ." ती किंचित हसली. "चादर वाळत घातली, त्या दिवशी होतात?"

"होतो."

"हात वर नेलेला घेतलात?"

"घेतला."

"आणि मग बसले होते, ते?"

"कॅमेरा बंद होता."

बस चुकल्याचं कळावं तशी तिने मान हलवली. "डॉक्टर विचारतात, कळ किती वेळ टिकते. घड्याळ आत भिंतीवर, मी बाहेर पायरीवर. खूप वेळ, एवढंच सांगते. ते लिहितात, नक्की सांगता येत नाही."

"एकोणपन्नास मिनिटं."

 तो आकडा तिने स्वतःशीच एकदा उच्चारला आणि ती परत गेली.

शनिवारी साहेबांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. पक्की प्रत त्यांनीच छापून ठेवली होती. तळाशी त्याचं नाव, वर एक ओळ: निरीक्षणाच्या सर्व नोंदी यात आहेत. अशा ओळीखाली त्याने किती सह्या केल्या होत्या, ते कुठल्याच वहीत नव्हतं.

"कर पटकन. आणि हे बघ, या वयात तुला दुसरं कुणी ठेवून घेणार नाही. उगाच डोकं चालवू नकोस."

त्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. पेन कागदावर आडवं ठेवलं.

"सही नाही करणार, साहेब," तो म्हणाला. "सोमवारी सुनावणीला मी येतोय. कच्ची वही घेऊन."