एकाच बँकेतल्या दोन रांगा

व्याजदर वाढला की पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांना स्वतःच सामना जिंकल्यासारखं वाटे. सकाळी चहाबरोबर ते पेपरातला आकडा मोठ्यानं वाचत. सरकारची तिजोरी रिकामी, तेच कर्ज मागत फिरतंय, म्हणून पैसा महाग झालाय, असं सुनेला समजावत. त्यांची ठेव नव्या दरानं ठेवायची होती, तेव्हा सरकारच्या तुटीचं त्यांना कशाला दुःख? सून ऐकून घेई आणि लिंबाच्या बागेत निघून जाई. मुलगा लांब नोकरीला होता. बाग तिनं एकटीनं वाढवलेली.

सोमवारी ते बँकेत ठेवीच्या रांगेत उभे होते, तर शेजारच्या कर्जाच्या रांगेत सून. आपल्याला न्यायला आली, असं वाटून म्हातारा सुखावला. मग तिच्या हातातले कागद दिसले.

पंपाचं सरकारी अनुदान बंद झालंय, कारकून तिला सांगत होता, आणि कर्ज नव्या दरानंच मिळेल. दर ऐकून तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवले. पंप जळून आठ दिवस झाले होते आणि ती बादल्यांनी झाडं जगवत होती. आजोबांना हे माहीत होतं, पण पंप आज ना उद्या दुरुस्त होईल म्हणून त्यांनी कानाआड केलं होतं. रोज सकाळी आपण हिला कसली खूशखबर ऐकवत होतो, हे कळलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उतारवयात कुणापुढे हात पसरायला नको, म्हणून ती ठेव त्यांनी जिवापाड जपली होती. तरी ते रांग सोडून तिच्याकडे गेले.

"माझ्या पैशातून पंप घे."

"नको मामंजी. तुमचं व्याज बुडेल."

"मग ते तू दे. बँक मला देते तेवढंच."

"आणि लिंबं नाही आली तर?"

"तर दोन वेळा जेवायला वाढ."

ती हसली, पण डोळे भरून आले. कारकुनाची मात्र एका फटक्यात दोन गिऱ्हाइकं गेली.

पंप गुरुवारी येणार होता. मंगळवारी सकाळी आजोबा पेपर मनातच वाचत होते.

"काय म्हणतंय सरकार?" सुनेनं विचारलं.

"अजून उसनं मागतंय," ते म्हणाले, आणि एक बादली उचलून तिच्या मागोमाग बागेत गेले.