१८८४चा डॉलर

ऋचाने वडिलांचा चांदीचा डॉलर प्रबोधच्या तळहातावर ठेवला, तेव्हा तो जवळजवळ काळा होता. वडील मालवाहू जहाजावर होते. कुठल्याशा बंदरात मिळालेलं हे नाणं चाळीस वर्षं त्यांच्या टेबलाच्या खणात, पाकिटात पडून होतं. गेल्या महिन्यात ते वारले आणि भावाने नाणं तिच्याकडे पाठवलं.

नवरा सारंग वारल्यापासून ऋचा सिंगापूरला, बुकित बातोक भागात, मोठे दीर प्रबोध आणि जाऊ मेधा यांच्या फ्लॅटमध्ये राहत होती. स्वयंपाक तिच्याकडे, झोपायला बिनखिडकीची स्टोअररूम. आता तिला तांजोंग पगारला नोकरी मिळाली होती आणि क्लेमेंटीला एक भाड्याची खोली. शनिवारपर्यंत दोन हजार डॉलर भरले, तर खोली तिची.

प्रबोध बँकेत होते आणि तीस वर्षं परदेशी नाणी जमवत होते. त्यांनी भिंग लावलं. साल १८८४. मागे, गरुडाखालच्या माळेपाशी, बारीक ‘एस’ : सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. हे नाणं झिजलेलं असेल तर चांदीच्या भावाहून थोडं वर जातं. कधी वापरातच आलं नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी ते दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. काळ्या थराखालून चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरली, न वापरलेल्या नाण्यावरच फिरते तशी.

“ऐंशी डॉलर,” ते म्हणाले. “चांदीचे, बाकी काही नाही. मीच घेतो, घरात राहील.”

ऋचाने मान डोलावली, पण उद्या एका दुकानातही विचारून येते म्हणाली.

“उद्या लक्ष्मीपूजन. त्या दिवशी घरातली चांदी बाहेर नेतात का? पूजेत मांड. परवा बघू.”

ती बरं म्हणाली. संध्याकाळी प्रबोधनी ओळखीच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. त्याने तीस हजार डॉलर देऊ केले, आणि नाण्याला हात लावू नका म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला प्रबोध पूजेला बसले. चौरंगावर तबक, निरांजन, अत्तरदाणी आणि त्यांच्या मधोमध डॉलर, आरशासारखा लखलखीत. दर दिवाळीला चांदी ऋचाच घासायची, चिमूटभर रांगोळी आणि लिंबाची फोड घेऊन. लक्ष्मीपुढे काळी चांदी मांडायची नसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

प्रबोधनी नाणं निरांजनापाशी धरून कलतं केलं. काहीच फिरलं नाही. सगळीकडे बारीक चरे होते.

“काल हे तीस हजारांचं होतं,” ते म्हणाले. “आता खरोखर ऐंशीचं आहे.”

“काल तुम्ही ऐंशीच म्हणालात, दादा.”

मेधाने नवऱ्याकडे पाहिलं. जुनं नाणं घासत नाहीत हे शाळकरी मुलांनाही कळतं, घासण्याआधी तोंडाने विचारायचं होतं, असं प्रबोध म्हणाले. मुहूर्त टळतोय, असं मेधा म्हणाली आणि तिने घंटा वाजवली. पूजा झाली. नंतर ऋचाने पानं वाढली.

पाडव्याला प्रबोधनी पन्नासाची एक आणि दहाच्या तीन नोटा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्या. नाणं अल्बमच्या शेवटच्या पानात घालून खाली ‘घासलेलं’ असं लिहिलं. शनिवारी दुपारी ऋचाने खोलीच्या मालकिणीला नको म्हणून कळवलं आणि कणीक मळायला घेतली.

बाहेर प्रबोध मेधाला सांगत होते, “पुढच्या वर्षी चांदी तिच्या हातात देऊ नकोस. बाकीचं सगळं करू दे.”